बाबांच्या जुन्या नेटबुकवर छोटंसं लिनक्स कसं उभं केलं, पहिल्या कमांडपासून शेवटपर्यंत

आमच्या बाबांकडे एक जुना १० इंची नेटबुक आहे, ॲटम प्रोसेसर, २ जीबी रॅम. विंडोजवर तो चालू व्हायला सात-आठ मिनिटं घ्यायचा आणि मग नुसता पंखा फिरत बसायचा. पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दाखवला तर दुकानदार म्हणाला काका भंगारात टाका, नवीन घ्या. पण बाबांना काय लागतं? सोसायटीचा हिशोब, मराठीत चार ओळी टाइप करणं, पीडीएफ वाचणं, आणि कधीतरी लाईटबिल भरायला ब्राउझर. एवढ्याला २ जीबी कमी पडते हे मला पटेचना, म्हणून त्याच गल्लीतून एक १२० जीबीची एसएसडी आणली आणि विंडोजच्या जागी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायच्या कामाला लागलो. आता तो मशीन एका मिनिटाच्या आत लॉगिनला येतो. कसं केलं ते सगळं लिहितोय, कारण मराठीत हे एका जागी मला कुठे सापडलं नाही आणि त्यातला मराठी फॉन्टचा भाग तर कोणीच सांगत नाही.

कमांड मी बोलतो तशाच देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.

आधी एक गोष्ट ठरवून घ्या, छोटं म्हणजे नक्की काय. फक्त एमबी मोजत बसलात तर काही हाती लागत नाही. मी कसोटी अशी ठेवली की पीएस कमांड मारली की चालू प्रोग्रामची, म्हणजे प्रोसेसची, जी यादी येते त्यातल्या प्रत्येक ओळीला सोसायटीच्या गेटवर वॉचमन विचारतो तसं विचारायचं, कोण तुम्ही, कुणाकडे आलात. उत्तर मला देता आलं तर ती प्रोसेस राहील, नाही आलं तर बाहेर. साध्या उबुंटूवर, म्हणजे लोकप्रिय तयार लिनक्सवर, ही यादी एवढी लांब असते की वीस वर्षं लिनक्स वापरणारा माणूससुद्धा अर्ध्या ओळींना ओळखत नाही.

आधी हाताने एक खेळण्यातली सिस्टिम बनवा

थेट नेटबुकवर जाऊ नका. एक संध्याकाळ काढा आणि तुमच्या रोजच्या लिनक्स मशीनवर क्यूएमूमध्ये, म्हणजे खोट्या मशीनमध्ये, सगळ्यात छोटी सिस्टिम स्वतः जोडा. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, बिझीबॉक्स, आणि पाच ओळींची इनिट स्क्रिप्ट, म्हणजे कर्नल सगळ्यात आधी चालवतो ती फाइल, बास. हे एकदा केलंत की पुढे खऱ्या मशीनवर बूट अडकलं तर कुठे बघायचं ते आपोआप कळतं, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे.

बिझीबॉक्स माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. १९९५ मध्ये ब्रूस पेरेन्सने डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉलरसाठी ते सुरू केलं, एका फ्लॉपीत, म्हणजे १.४४ एमबीत, अख्खी बूट होणारी सिस्टिम बसावी म्हणून. एलएस, सीपी, ग्रेप, ऑक, व्हीआय, माउंट, शेल असे ३०० च्या वर प्रोग्राम एकाच फाइलमध्ये असतात, आणि ज्या नावाने हाक माराल त्या नावाचं काम ते करतं. एलएस ही वेगळी फाइल नसतेच, ती फक्त बिझीबॉक्सकडे बोट दाखवणारी लिंक असते.

उबुंटू किंवा डेबियनवर बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएल्फ-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, सीपीआयओ आणि क्यूएमू-सिस्टिम-एक्स८६ एवढं टाकून घ्या. कर्नलचा सोर्स कर्नल डॉट ऑर्गवरून, बिझीबॉक्सचा त्यांच्या स्वतःच्या साइटवरून.

मेक ही सोर्सवरून प्रोग्राम बनवणारी कमांड. बिझीबॉक्समध्ये मेक डेफकॉन्फिग, मग मेक मेनूकॉन्फिग, त्यात सेटिंग्जमध्ये जाऊन बिल्ड स्टॅटिक बायनरीवर खूण करा. ही खूण विसरू नका. स्टॅटिक म्हणजे लायब्ररी बायनरीच्या पोटातच भरायची, कारण आपल्या छोट्या सिस्टिमवर बाहेर लायब्ररी कुठे असणारच नाही. नेटवर्किंगच्या मेनूत टीसी नावाची एक गोष्ट आहे, नवीन कर्नल हेडर असलेल्या मशीनवर ती कंपाइल होताना एरर देते, आपल्याला ती लागत नाही, सरळ बंद करून टाका. मग मेक, आणि मेक इन्स्टॉल. अंडरस्कोर-इन्स्टॉल नावाचं फोल्डर तयार होईल, त्यात बिन, एसबिन वगैरे सगळं लिंकांनी भरलेलं. फाइल कमांडने बिझीबॉक्स तपासा, स्टॅटिकली लिंक्ड असं आलं की पुढे जा.

आता कर्नल. मेक टायनीकॉन्फिग मारलं की जवळजवळ सगळंच बंद असलेला कर्नल मिळतो, आणि मग मेक मेनूकॉन्फिगमध्ये जाऊन आपण एकेक गोष्ट स्वतःच्या हाताने चालू करायची. ६४ बिट कर्नल. इनिशियल रॅम फाइलसिस्टिमचा सपोर्ट, म्हणजे सुरुवातीच्या फाइली मेमरीत उघडायची सोय. प्रिंटके, नाहीतर कर्नल तोंडातून शब्द काढत नाही आणि आपण काळ्या स्क्रीनकडे बघत बसतो. टीटीवाय, ८२५० सीरियल आणि त्यावरचा कन्सोल, म्हणजे मेसेज दिसायची आणि टाइप करायची वाट. डेव्हटीएमपीएफएस, प्रॉक आणि सिसएफएस, म्हणजे उपकरणं आणि चालू प्रोसेस फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फाइलसिस्टिम. ईएलएफ बायनरी, म्हणजे कंपाइल केलेले प्रोग्राम, चालवायचा सपोर्ट, आणि हॅश-बँगने, म्हणजे हॅश आणि उद्गारचिन्हाने, सुरू होणाऱ्या स्क्रिप्ट चालवायचा सपोर्ट, या दोन गोष्टी एक्झिक्युटेबल फाइल फॉरमॅट्सच्या मेनूत शेजारी-शेजारी आहेत. मग मेक. एवढा छोटा कर्नल असला की बऱ्यापैकी लॅपटॉपवर चहा उकळून गाळेपर्यंत तयार होतो.

मग अंडरस्कोर-इन्स्टॉल फोल्डरमध्ये प्रॉक, सिस आणि डेव्ह अशी तीन रिकामी फोल्डर बनवा आणि तिथेच इनिट नावाची फाइल. पहिली ओळ हॅश, उद्गारचिन्ह, स्लॅश बिन स्लॅश एसएच. त्याखाली तीन माउंट, प्रॉक प्रॉकवर, सिसएफएस सिसवर, डेव्हटीएमपीएफएस डेव्हवर. शेवटची ओळ एक्झेक, सेटसिड, सीटीटीवायहॅक, एसएच. ते सेटसिड आणि सीटीटीवायहॅक लावलं नाही तर शेल येतो पण जॉब कंट्रोल बंद असल्याची तक्रार करतो आणि कंट्रोल-सी चालत नाही, पिंग सुरू केलं की थांबवता येत नाही. फाइलला सीएचमॉड प्लस एक्स करा. त्या फोल्डरमध्ये उभं राहून फाइंड डॉट, पाईप, सीपीआयओ डॅश ओ डॅश एच न्यूसी, पाईप, जीझिप, आणि ते सगळं फोल्डरच्या बाहेर एका फाइलमध्ये. न्यूसी फॉरमॅट सांगायलाच लागतो, सीपीआयओचा नेहमीचा जुना फॉरमॅट कर्नल वाचत नाही.

क्यूएमूला डॅश कर्नल म्हणून बीझेडइमेज द्या, डॅश इनिटआरडी म्हणून ही फाइल, डॅश अपेंडमध्ये कन्सोल इक्वल टू टीटीवायएसझीरो, आणि डॅश नोग्राफिक. बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स.

माझं पहिल्यांदा काय झालं ते सांगतो, कारण ते जरा फसवं होतं. मेसेज आले, शेवटी प्लीज प्रेस एंटर टू ॲक्टिव्हेट धिस कन्सोल असं आलं, एंटर दाबला, शेल आला. मी खूश, आईला हाक मारून दाखवलं पण. मग पीएस मारलं तर नुसतं वरचं हेडिंग, खाली एकही ओळ नाही. अर्धा तास डोकं खाजवलं. मग वर स्क्रोल करून एकेक ओळ वाचली तर मध्येच लिहिलेलं, फेल्ड टू एक्झिक्यूट स्लॅश इनिट, एरर वजा ८. म्हणजे मी हॅश-बँग स्क्रिप्टचा सपोर्टच चालू केला नव्हता, कर्नलला माझी इनिट फाइल चालवता येईना, म्हणून तो पुढे गेला आणि एसबिनमध्ये बिझीबॉक्सची स्वतःची इनिट होती ती त्याने चालवली. ती ईएलएफ असल्यामुळे चालली. पण तिने माझं प्रॉक माउंट केलंच नव्हतं, आणि पीएस सगळी माहिती प्रॉकमधूनच वाचतं, मग ते दाखवणार काय. मेनूत एक खूण केली, परत मेक, आणि यादी आली.

या एररच्या आकड्यांची ओळख करून ठेवा. वजा ८ म्हणजे फाइल आहे पण हा फॉरमॅट मला चालवता येत नाही. वजा २ म्हणजे फाइल सापडली नाही, पण गंमत अशी की फाइल समोर दिसत असतानाही हीच एरर येते, कारण बिझीबॉक्स स्टॅटिक केलं नाहीत तर त्याला जो लोडर लागतो तो सापडत नसतो, आणि अशा वेळी शेवटी नो वर्किंग इनिट फाउंड म्हणून कर्नल पॅनिक होतो. आणि सगळं नीट चालू असताना तुम्ही शेलमध्ये एक्झिट टाइप केलंत तरी पॅनिक येणार, अटेम्प्टेड टू किल इनिट. तुमचं काही चुकलेलं नाही, पहिली प्रोसेस मेली तर सिस्टिमला आधारच उरत नाही, म्हणून कर्नल हात वर करतो.

माझा कर्नल आणि ती झिप मिळून ३ एमबीच्या आत आले. बिझीबॉक्सचं पीएस कर्नलचे स्वतःचे थ्रेड चौकोनी कंसात दाखवतं, ते सोडले तर उरल्या दोन-तीन ओळी. ती यादी बघून मला जो आनंद झाला तो खरंच सांगता येत नाही.

आता खरा नेटबुक

रोजच्या वापराला ती तीन एमबीची सिस्टिम पुरत नाही, वायफाय हवं, अपडेट हवेत, सिक्युरिटीच्या दुरुस्त्या कोणीतरी वेळेवर द्यायला हव्यात. इथे मी अल्पाइन लिनक्स घेतलं. कारण ते याच सामानाचं बनलंय, बिझीबॉक्स, ग्लिबसीच्या जागी मसल नावाची छोटी सी लायब्ररी, सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या जागी ओपनआरसी, आणि एपीके नावाचा पॅकेज मॅनेजर जो जुन्या मशीनवरही पटकन काम उरकतो. व्हॉइड लिनक्सही चांगलं आहे, त्यात ओपनआरसीच्या जागी रनिट येतं, ज्याला ते आवडतं त्याने ते घ्यावं. जुन्या नेटबुकांत काही ॲटम फक्त ३२ बिट असतात हे आधी तपासा. डेबियन १३ पासून त्यांचा ३२ बिट इन्स्टॉलर बंद झालाय, उबुंटूने तर २०१९ मध्येच सोडलं, अल्पाइन मात्र ३२ बिटची इमेज अजून देतं. हे एक कारणसुद्धा पुरेसं होतं मला.

पेन ड्राइव्हवरून बूट करा, रूट म्हणून लॉगिन, आणि सेटअप-अल्पाइन. प्रश्न विचारत जातं. टाइमझोन आशिया स्लॅश कोलकाता. मिरर विचारेल तिथे सी दाबून कम्युनिटी रिपॉझिटरी चालू करा, पुढे लागणार आहे. एसएसएच सर्व्हर विचारेल तर नन, बाबांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून कोणाला यायचंय. डिस्कला सिस मोड, म्हणजे सगळं डिस्कवर कायमचं बसतं.

रीबूट झाल्यावर पीएस मारा आणि वॉचमनचं काम सुरू करा. चौकोनी कंसातले कर्नलचे थ्रेड सोडा. उरतात इनिट, सिसलॉगडी, क्रॉनडी, वेळ जुळवणारा क्रोनीडी, पॉवर बटणासाठी एसीपीआयडी, नेटवर्कचं एखाददुसरं, आणि सहा गेटी. सहा कशाला? ऑल्ट-एफ१ ते एफ६ अशा सहा लॉगिन स्क्रीन असतात म्हणून. ईटीसीमधली इनिटटॅब फाइल उघडा, चार ओळींपुढे हॅश लावा, दोन ठेवा. आमच्याकडे क्रॉनचं काही काम नव्हतं म्हणून आरसी-अपडेट डेल क्रॉनडी. क्रोनीडी मात्र ठेवा, नेटबुकचा आतला सेल मेलेला असेल तर तारीख चुकते आणि मग ब्राउझर प्रत्येक साइटला सर्टिफिकेट चुकीचं म्हणत राहतो.

फर्मवेअरकडे, म्हणजे वायफाय कार्डासारख्या भागांना लागणाऱ्या फाइलींकडे, लक्ष द्या. लिनक्स-फर्मवेअर हे अख्खं पॅकेज प्रचंड मोठं आहे, जगातल्या सगळ्या कार्डांचं सामान त्यात असतं. अल्पाइनने त्याचे कंपनीवार तुकडे केलेत, डीमेसेज कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या मेसेजमध्ये तुमचं वायफाय कार्ड कुठली फाइल मागतंय ते बघा आणि तेवढाच तुकडा टाका. कर्नल मात्र त्यांचाच एलटीएस, म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळणारा, ठेवा. वर शिकलात म्हणून इथे स्वतःचा कर्नल बनवायचा मोह होईल, पण मग दर अपडेटला परत कंपाइल करायला बसावं लागतं, आणि नेटबुकवर ते काम तासन्‌तास चालतं. मी एकदा केलं तर गुरुवार होता, आमच्या भागात दुपारी लाईट गेली, बॅटरी आधीच गेलेली, सगळं मुसळ केरात. परत नाही केलं.

ग्राफिक्ससाठी सेटअप-एक्सऑर्ग-बेस. याने एक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र आणि खिडक्या दाखवणारा भाग, आणि सोबत यूडेव्ह येतं, म्हणजे यादीत एक ओळ वाढते, पण माउस-कीबोर्ड ओळखायला ते लागतं. तुमच्या युझरला व्हिडिओ, इनपुट आणि ऑडिओ ग्रुपमध्ये टाका. विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या मांडणारा प्रोग्राम, म्हणून डीडब्ल्यूएम, २००६ पासून आहे आणि सोर्स कोड २००० ओळींच्या वर जाऊ द्यायचा नाही असा त्यांचा नियमच आहे. ते सोर्सवरून बनवा. बिल्ड-बेस, लिबएक्स११-डेव्ह, लिबएक्सएफटी-डेव्ह, लिबएक्सिनेरामा-डेव्ह टाका, कॉन्फिग डॉट एच ही फाइल म्हणजेच सेटिंग, ती बदलायची आणि परत मेक. बाबांसाठी मी त्यात तीनच शॉर्टकट केले, एडिटर, पीडीएफ, ब्राउझर, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्क्रीनच्या खाली चिकटवले. ते दोन दिवसांत शिकले. होम फोल्डरमध्ये डॉट एक्सइनिटआरसी, त्यात एक्झेक डीडब्ल्यूएम, आणि लॉगिन केल्यावर स्टार्टएक्स. आवाजाला अल्सा-युटिल्स पुरतं, फक्त अल्सामिक्सरमध्ये जाऊन एम दाबून म्यूट काढा, सुरुवातीला सगळं म्यूटच असतं.

मराठीचं काय

इथे खरी अडचण आली. टर्मिनल म्हणून मी एसटी टाकलं होतं, डीडब्ल्यूएमवाल्यांचंच. बाबांच्या पेन ड्राइव्हवर हिशोब नावाची फाइल होती, एलएस मारलं तर स्क्रीनवर हशिोब. बाबा म्हणाले हे काय नवीन. नावात चूक नव्हती. युनिकोडमध्ये आधी ह येतो आणि मग त्याची वेलांटी, पण दाखवताना ती वेलांटी ह च्या आधी काढावी लागते, जोडाक्षरं जोडावी लागतात, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यावा लागतो. हे काम शेपिंग इंजिन करतं, हार्फबझ नावाचं. एसटी आणि डीडब्ल्यूएम फक्त एक्सएफटी नावाची लायब्ररी वापरतात, ते अक्षरं आली त्या क्रमाने नुसती शेजारी-शेजारी ठेवतं. इंग्रजीला पुरतं, मराठीचा चुराडा होतो.

छोटं सॉफ्टवेअर लिहिणारे बरेच लोक पँगो, म्हणजे मजकूर मांडणारी लायब्ररी, आणि हार्फबझ यांना फुगवटा म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. ज्याची लिपी सरळ एकामागून एक अक्षरं ठेवून लिहिता येते त्याला ते वाटेल, पण आमच्या गेटवर हार्फबझला विचारलं कुणाकडे आलात तर उत्तर सरळ आहे, बाबांकडे. ते राहणार.

म्हणून मी असं केलं. टर्मिनल एसटीच ठेवलं पण त्यात फाइलची नावं रोमन अक्षरांत. मराठी लिहायला माउसपॅड, हा जीटीके नावाच्या लायब्ररीवर बनलेला एडिटर आहे, आत पँगो आणि हार्फबझ येतात, वेलांट्या जागेवर. फॉन्ट-नोटो-देवनागरी हे पॅकेज टाका नाहीतर नुसते चौकोन दिसतील. पीडीएफला म्यूपीडीएफ, मराठी पीडीएफ त्यात एकदम स्वच्छ दिसतात. डीडब्ल्यूएमच्या वरच्या पट्टीत विंडोचं नाव मराठी असेल तर मोडकंच दिसतं, ते मी तसंच सोडलंय.

टाइप करायला आयबस वगैरे टाइपिंगचं वेगळं सॉफ्टवेअर काही लागत नाही आणि हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. सेटएक्सकेबीमॅप कमांड टाका, लेआउट यूएस स्वल्पविराम इन, व्हेरियंटमध्ये आधी स्वल्पविराम आणि मग मार-कागापा, ऑप्शनला जीआरपी, कोलन, ऑल्ट अंडरस्कोर शिफ्ट अंडरस्कोर टॉगल. मार-कागापा म्हणजे उच्चाराप्रमाणे, के दाबला की क. इनस्क्रिप्ट येत असेल तर व्हेरियंट मराठी. ही एक ओळ एक्सइनिटआरसीमध्ये डीडब्ल्यूएमच्या आधी लिहून टाका, ऑल्ट-शिफ्टने भाषा बदलते आणि प्रोसेसच्या यादीत एकही ओळ वाढत नाही.

हिशोब आता साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे, तारीख, फ्लॅट नंबर, रक्कम, मधे स्पेस. मेंटेनन्सची बेरीज ऑक करतं, तिसरा रकाना जोडत जायचा आणि शेवटी छापायचा, एका ओळीची कमांड, ती मी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये टाकून दिलीय आणि बाबा नुसतं बेरीज असं रोमनमध्ये टाइप करतात. आधी याच कामाला अख्खं ऑफिस उघडायला लागायचं.

ब्राउझरला पर्याय नाही, फायरफॉक्सच टाकलं. ते उघडायच्या आधी, म्हणजे एक्स आणि डीडब्ल्यूएम चालू असताना, फ्री कमांड वापरातली मेमरी १०० एमबीच्या थोडी वर दाखवते, आणि फायरफॉक्स उघडलं की एकट्याने त्याच्या कितीतरी पट खातं. दोन टॅबच्या वर जायचं नाही हे बाबांना सांगून ठेवलंय. बँकेचं किंवा प्रिंटरचं एखादं बंद सोर्सवालं सॉफ्टवेअर लागत असेल तर अल्पाइन घेण्याआधी विचार करा, ते बहुतेक ग्लिबसीसाठी बनवलेलं असतं आणि मसलवर चालत नाही, ग्लिबसीची नक्कल करणारं जीकॉम्पॅट टाकून काही चालतात, सगळे नाही. तशी गरज असेल तर व्हॉइडची ग्लिबसी आवृत्ती घ्या.

शेवटचं काम बॅकअपचं. ईटीसीमध्ये एपीके फोल्डरात वर्ल्ड नावाची फाइल असते, तुम्ही स्वतः मागून घेतलेल्या पॅकेजची यादी, एका ओळीत एक. आमच्या फाइलमध्ये ३१ ओळी आहेत. ही वर्ल्ड फाइल, डीडब्ल्यूएमची कॉन्फिग डॉट एच, इनिटटॅब, एक्सइनिटआरसी आणि ती बेरीजची स्क्रिप्ट, एवढं पेन ड्राइव्हवर ठेवा. उद्या एसएसडी मेली तर नवीन डिस्कवर सेटअप-अल्पाइन, वर्ल्ड फाइल जागेवर ठेवून एपीके फिक्स, बाकीच्या फाइल कॉपी, डीडब्ल्यूएमचं एक मेक इन्स्टॉल. मी दुसऱ्या एका डिस्कवर हे करून बघितलं, जेवायच्या आधी सुरू केलं आणि ताटं घेईपर्यंत माउसपॅडमध्ये मराठी टाइप होत होतं.